दामाजीचा शिमगापट

दामाजी कोळ्याच्या अंगावर जेवढे टाके होते, तेवढे आमच्या घरातल्या गोधडीवरही नव्हते. कपाळावर होते, भुवईत होते, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी तर शिंप्याने घाईत काज शिवावं तसे एकावर एक होते. त्यातले निम्मे लोकांनी फेकून मारलेल्या वस्तूंचे आणि निम्मे स्वतःच्याच कोरायच्या पटाशीचे. चित्रकार म्हटला की लांब केस, झब्बा आणि खिडकीबाहेर लागलेली नजर, एवढंच मला तोवर माहीत. दामाजीचीही नजर खिडकीबाहेर लागलेली असायची, नाही असं नाही. पण ती तिकडून दगड येतोय का हे पाहायला.

तो वेताळबंदरचा. डोंबिवली पश्चिमेला वस्ती संपून चिखल सुरू होतो, तिथे खाडीच्या काठी हा कोळीवाडा. त्याच्या दोन आळ्या, वरली आणि खालची. या आळ्यांचं वैर कशावरून, हे मी पुष्कळांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं, आणि एकदा तर कारण सांगतासांगताच सांगणाऱ्या दोघांची जुंपली. दोन्ही आळ्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर दामाजीचं घर होतं, त्यामुळे दोन्हीकडचे नेम चुकलेले दगड त्याच्या कौलांवर पडत. नेम न चुकलेलेही काही त्याच्यासाठीच असत.

त्याच्या कलेची सुरुवात मारानेच झाली. बापाने होडीला नवं डांबर फासून ठेवलं होतं. त्यावर या पोराने चुन्याने चित्र काढलं, बाप आईला बदडतोय याचं. बापाने वल्हं उचललं आणि त्याला झोडपलं. दुसऱ्या दिवशी होडीच्या दुसऱ्या अंगाला चित्र निघालं, बाप वल्ह्याने पोराला झोडपतोय. त्यावर पुन्हा वल्हं. दामाजी सांगायचा, "बापाचा हात चालायचा, म्हनून माजा हात चालायला लागला." बाप थकला तेव्हा कुठे पोराला दुसरे विषय शोधावे लागले.

पुढे तो कल्याणला एका छापखान्यात लागला. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची आमंत्रणं, निवडणुकीची पत्रकं असा माल तिथे निघायचा. शिशाचे खिळे जुळवणं, शाई घोटणं, रूळ फिरवणं हे सगळं दामाजी तिथे शिकला. फोरमन हाताने हलका नव्हता. एकदा एका नवरदेवाच्या नावाआधी 'चि.' ऐवजी 'कै.' पडलं, तेव्हा फोरमनने दामाजीच्या कानाखाली अशी वाजवली की शेजारचं यंत्र बंद पडलं असं सगळ्यांना वाटलं. दामाजीने फोरमनची मान धरली, त्याचा चेहरा शाईच्या फळीवर दाबला, आणि मग तोच चेहरा शेजारच्या कोऱ्या कागदावर दाबून उमटवला. हे त्याचं पहिलं छापचित्र. "नाक जरा पसरला, पन डोले झकास उठले होते," असं तो अगदी शेवटपर्यंत म्हणत असे. नोकरी अर्थातच त्याच दुपारी गेली. जाताना तो एक जुना रूळ आणि शाईचा डबा काखेत मारून घेऊन आला. अडवायला कोणी पुढे झालं नाही, फोरमन तोंड धूत होता.

हे सुमारे ब्याऐंशी साल. वेताळबंदरात तेव्हा होड्या मोडायला लागल्या होत्या. नाल्यांतून रोज वेगळ्या रंगाचं पाणी खाडीत उतरत होतं आणि मासळी एकेक जात सोडून चालली होती. ज्यांच्या होड्या मोडल्या त्यांनी सागाच्या फळ्या चुलीत घातल्या. दामाजीने त्या चुलीतून ओढून काढल्या. मीठ पिऊन लोखंड झालेल्या त्या फळ्यांवर तो पालथा पडून कोरायचा. पटाशी सटकायची, अंगठा फुटायचा, तोंडाने शिव्या आणि अंगठ्याने रक्त असं दोन्ही फळीत मुरायचं. मग शाईचा रूळ फिरवायचा आणि पतंगाचे कागद खळीने जोडून केलेला मोठा ताव वर पसरायचा. छापायचं यंत्र कुठलं असणार? त्यावर घोंगडी टाकून त्याची बायको सगुणा टाचा मारत चालायची. सगुणा खालच्या आळीची, अंगाने भक्कम आणि नवऱ्यावर कायम संतापलेली. एकेका टाचेबरोबर ती त्याचा उद्धार करायची: "घरात तांदूल नाय! ह्याला चित्रां पायजेत! आदी ह्यालाच फलीखाली घातला पायजे!" दामाजी म्हणायचा, "बोल, बोल. तू चिडलीस का काला रंग चांगला धरतं."

आणि तो काढायचा काय? मारामाऱ्या. शिमग्याला गावात एकमेकांच्या वर्षभराच्या भानगडी बोंबलून सांगायची जुनी रीत होती. दामाजीने बोंब मारायच्या ऐवजी चित्र टांगायला सुरुवात केली. होळीच्या दिवशी दुपारी, दोन आळ्यांच्या मधल्या मैदानात, जाळी वाळवायच्या बांबूंवर त्याचा ताव चढायचा. वर्षातली सगळ्यांत मोठी मारामारी त्यात. त्याला लोक शिमगापट म्हणू लागले. पहिल्या वर्षी पटात दिसलेल्या लोकांनी दामाजीला मारलं. दुसऱ्या वर्षी पटात न दिसलेल्या लोकांनी मारलं. "मी काय त्या दिवशी जेवायला आल्तू काय? दोन दात पाडले मी! कुठं हायेत ते दात?" असं विचारत एक गृहस्थ त्याच्या दारात चढलेले मी स्वतः पाहिलेत. दामाजीने शांतपणे चित्राच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. दात होते. गृहस्थ खूश होऊन गेले.

माझी त्याची ओळख आवडाबाईमुळे. ती वरल्या आळीची म्हातारी, डोक्यावर पाटी घेऊन डोंबिवलीत आमच्याकडे मासळी घालायची. तिच्याकडून मी बोंबील घेतले की दोन गोष्टी मिळायच्या, बोंबील आणि वेताळबंदरच्या ताज्या जखमींची माहिती. तिच्याच मागे मी एकदा पट बघायला गेलो आणि मग जातच राहिलो. ठाण्याला वर्तकनगरात राहणाऱ्या, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शीलाबाईंना मी एक छाप नेऊन दाखवला. बाईंनी तो टेबलावर पसरला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "अहो, हा माणूस बसलाय कुठे इतके दिवस?" मी म्हटलं, "बहुतेक दवाखान्यात." त्यांनी खटपट करून ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवलं. लोक आले. भिंतीभर फुटलेली डोकी बघून जरा मागे सरकून उभे राहिले. एका गृहस्थांनी विचारलं, "आमच्या हॉलमध्ये लावण्यासारखं काही शांत आहे का?" दामाजी म्हणाला, "हाय ना," आणि त्यांना एका कोपऱ्यात नेलं. तिथे एक माणूस निवांत आडवा पडला होता. गृहस्थ म्हणाले, "वा, हा झोपलाय वाटतं." सगुणा मागून म्हणाली, "झोपला नाय, मेलाय तो."

असं चाललं होतं. आणि मग शहाऐंशीचा तो शिमगा आला.

खाडीत सगळीकडे जाळी रिकामी यायला लागली होती. एकाच जागी, बंदरासमोरच्या खोल पाटात, अजून थोडी कोलंबी मिळायची. तिथे जाळ्याचे खुंट कोणी रोवायचे, यावरून होळीच्या आधी आठवडाभर रोज शिव्या होत होत्या. एका सकाळी पूर्ण ओहोटीला वरल्या आळीचे लोक खुंट घेऊन चिखलात उतरले. समोरून खालची आळी उतरली. कमरेएवढ्या चिखलात माणसं एकमेकांवर पडली. खुंटांनी मारलं, वल्ह्यांनी मारलं, जाळ्यांच्या दोऱ्या गळ्याभोवती आवळल्या, तोंडं चिखलात दाबून धरली. थोड्याच वेळात डोक्यापासून पायापर्यंत सगळे एका काळ्या रंगाचे झाले आणि कोण कोणाला मारतोय हे मारणाऱ्यालाही कळेना. एका जावयाने स्वतःच्या सासऱ्याला चांगलं तासभर पुरेल इतकं बडवलं. नंतर त्याने माफी मागितली, पण ऐकणाऱ्यांना ती मनापासून वाटली नाही.

तेवढ्यात किंकाळी आली. वरल्या आळीचा परशुराम चिखलात कोसळला होता. जाळ्याची दोरी कापायचा, दोन्ही आळ्यांत घरोघरी असतो तसला कोयता त्याच्या उजव्या खांद्यात हाडापर्यंत रुतला होता. काळ्या चिखलातून रक्ताची बुडबुड येत होती. मारामारी जागच्या जागी थांबली. एका घराचं दार उखडून, त्याला त्यावर आडवा घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण हात गेल्यात जमा होता. फौजदार आले. त्यांनी सगळ्यांना एकेक करून विचारलं, कोयता कोणी मारला? वरली आळी म्हणाली, "चिखल होता, सायेब." खालची आळी म्हणाली, "चिखल होता, सायेब." या दोन आळ्यांचं एका वाक्यावर एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. परशुरामला विचारलं, तर तोही म्हणाला, "चिखल होता."

परशुरामचा धाकटा भाऊ दगडू मात्र पिसाळला. तो त्या दिवसापासून जेवला नाही. भावाच्या खांद्यातून निघालेला, फौजदारांना न दिलेला तो कोयता हातात घेऊन तो आळीआळीतून फिरायचा आणि दिसेल त्याला विचारायचा, "तू होतास का?" भावाचा हात ज्याने घेतला त्याचा हात मी घेणार, असं त्याने वेशीवरच्या वेताळासमोर सांगून टाकलं होतं. आता हा विनोदाचा मामला राहिला नव्हता. लोक दारं लावून बसत होते.

आणि हे सगळं पाहणारा एकच माणूस होता. मारामारी चालू असताना दामाजी खाडीच्या आत चिखलात रुतलेल्या एका होडीवर नाव रंगवत बसला होता. तोंड गावाकडे. मारामारी पुढ्यात, मागे घरं. माणसं कोण हे त्यालाही चिखलामुळे ओळखता आलं नाही, पण कोण कसा उभा होता, कोणाचा हात कुठे होता, हे त्याच्या डोळ्यांत जसंच्या तसं बसलं. नावाची तीन अक्षरं रंगवून झाली होती. उरलेली दोन तशीच टाकून तो घरी गेला आणि फळी घेऊन पालथा पडला.

मी त्याला म्हटलं, "दामाजी, यंदा पट नको टांगूस."

"का?"

"दगडू बघेल."

"बगू दे की. माज्या चित्रात नावं नसतात."

होळीच्या दुपारी ताव बांबूंवर चढला. मैदानात दोन्ही आळ्या जमल्या होत्या, मधे रचलेली होळी, एकीकडे हे, एकीकडे ते. मी बायकांच्या मागे उभा होतो. चित्र बघितलं. इतकं चांगलं दामाजीने आजवर काही केलं नव्हतं. खाडीतून पाहिलेलं गाव होतं. मागे घरांची रांग, पुढे चिखल आणि चिखलात काळे गोळे, त्यांना फुटलेले हातपाय. मधोमध एकजण कोसळतोय आणि त्याच्यावर एकजण कोयता उतरवतोय, सगळं अंग त्या कोयत्यामागे ओतून.

दगडू पुढे झाला. चित्राच्या अगदी जवळ गेला.

"कोयता डाव्या हातात हाय," तो म्हणाला.

मग मागे वळला आणि पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, "डाव्या हातात हाय. आनी डावीकडून आलाय. खालच्या आलीकडून."

खाडीतून गावाकडे पाहिलं की खालची आळी डावीकडे, वरली उजवीकडे, हे गावातल्या प्रत्येकाला झोपेतही माहीत होतं. आणि सबंध वेताळबंदरात डावखुरा माणूस एकच, खालच्या आळीचा मोरू. सगुणाचा सख्खा भाऊ. आईने लहानपणी चटके देऊन त्याला जेवण तेवढं उजव्या हाताने शिकवलं होतं, बाकी सगळं तो डाव्यानेच करायचा.

मोरू तिथेच होता, खांद्यावर होळीला आणलेलं लाकूड. त्याने लाकूड टाकलं आणि पळाला, आणि पळाला म्हणून सगळ्यांची खात्रीच पटली. वरल्या आळीच्या चौघांनी त्याला बंदराच्या पायऱ्यांवर गाठलं. पायऱ्यांवरूनच फरफटत वर आणला. मैदानात येईतो त्याचा एक डोळा मिटला होता आणि ओठ दुभंगला होता. खालची आळी धावली, वरली आडवी आली, पुन्हा खुंट निघाले, पुन्हा डोकी फुटली. एका बाजूला ते चालू असतानाच दगडूने मोरूला जाळ्याच्या बांबूला बांधलं. डावा हात मोकळा ठेवला. मासळी तोडायचा ओंडका कोणीतरी लोटत आणला. दगडूने तो हात ओंडक्यावर दाबला आणि मनगटावर गुडघा ठेवला.

"मी नव्हतो," मोरू म्हणत होता. तोंडातून रक्त येत होतं. "आयची शप्पत, मी खालीच पडलो होतो, माज्यावर दोगं बसले होते. भावोजी! सांगा की! भावोजी!"

दामाजी गर्दीतून वाट काढत आला.

"दगडू, थांब! तो उजवा हात हाय!"

"मंग मी आंधला काय?"

"चित्र उलटा हाय रे! मी फलीवर दिसला तसा कोरतो. कागद वर टाकून उचलला का डाव्याचा उजवा व्हतो, उजव्याचा डावा. छाप तसाच येतो. कंचाबी छाप तसाच येतो!"

आता खरं सांगायचं तर छापखान्यात इतकी वर्षं उलटे खिळे जुळवलेला माणूस तो. फळीवर चित्र उलटं कोरलं तर छाप सुलटा येईल, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच? पण त्याचं म्हणणं असं, की अक्षर उलटं पडलं तर वाचता येत नाही, माणूस उलटा पडला तरी माणूसच असतो. आजवरचे सगळे शिमगापट त्याने असेच उलटे छापले होते आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. थप्पड डावीकडून आली काय आणि उजवीकडून आली काय, गाल तेवढाच सुजतो.

"मेव्हण्याला वाचवतोय!" कोणीतरी ओरडलं.

दामाजी घरात धावला आणि ती जड फळी छातीशी धरून घेऊन आला. "ही बग फली! हिच्यावर बग, उजवा हाय का नाय!"

दगडूने फळीकडे पाहिलं. "ही दुसरी कोरलीस तू. काल कोरलीस, भीती वाटली म्हनून." आणि वरल्या आळीच्या दोघांनी तीच फळी हिसकून दामाजीच्या पाठीत घातली. तो गुडघ्यावर आला. सगुणाने तोवर एकाचे केस धरून त्याचा कान चावला होता आणि तो कान सोडायला ती तयार नव्हती. मी पुढे होऊन "अहो, ऐका जरा" असं म्हणालो. मला कोणीतरी नुसतं बाजूला ठेवलं, खुर्ची ठेवतात तसं. दगडूने कोयता वर उचलला.

याच वेळी आवडाबाई मासळी विकून परत आली. डोक्यावर रिकामी पाटी. मैदानात काय चाललंय ते तिला दिसलं, पण वेताळबंदरात मारामारी दिसणं म्हणजे दुसऱ्या गावात झाड दिसण्यासारखं. तिने आधी पट बघितला. आणि अशी किंचाळली की दगडूचा हात हवेतच राहिला.

"दाम्याऽऽ! मुडद्या! माजा घर खालच्या आलीत कोनी नेला?"

सगळे तिच्याकडे वळले. तिने डोक्यावरची पाटी काढली आणि गुडघ्यावर बसलेल्या दामाजीच्या टाळक्यात हाणली. "माजा मालक मेला तरी त्या आलीत पाय ठेवला नाय त्यानं! आनी तू माजा अख्खा घर उचलून त्यांच्यात बसवतस?" पुन्हा पाटी. "माज्या दारचा वाकडा माड! माज्या दारचा! तो काय ह्यांच्या बापाचा हाय?"

चित्रात खरोखरच डाव्या टोकाला तिचं घर होतं, पुढे तो कमरेत वाकलेला माड. माणसं बघता बघता घरांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. दामाजी मार चुकवत ओरडला, "अगं आवडाये, तेच सांगतोय! उलटा हाय! तुजा घर जागेवरच हाय, चित्र उलटा हाय!"

"मंग सुलटा कर!" म्हातारी म्हणाली, आणि तिने बांबूंवरून पट ओरबाडून काढला.

पतंगाचाच कागद तो. फाडून टाकायला म्हणून तिने दोन्ही हातांनी वर धरला, आणि मागून उन्ह आलं. म्हातारी कागदाच्या पाठीमागच्या बाजूने बघत होती. थांबली. मग म्हणाली, "ह्या अंगानं बरोबर हाय की."

लोक तिच्या बाजूला सरकले. एकेक करून आधी, मग सगळेच. उन्हाला धरलेल्या कागदातून गाव आता खाडीतून खरोखर दिसतं तसं दिसत होतं. वाकडा माड उजव्या टोकाला गेला होता. खालच्या आळीची घरं डावीकडे गेली होती. कोयता उजव्या हातात गेला होता. आणि कोयता मारणारा उजवीकडून येत होता. आवडाबाईच्या घराकडून. वरल्या आळीकडून.

मारामारी पुन्हा एकदा जागच्या जागी थांबली. मोरूच्या मनगटावर दगडूचा गुडघा अजून होता, पण तोही मान वळवून बघत होता. कोयता मारणाऱ्याचा डावा खांदा पार कानाला चिकटला होता. नारळी पौर्णिमेला नारळ फोडताना तसा खांदा कानाला लावणारा एकच माणूस होता आणि दर वर्षी त्यावरून त्याची चेष्टा व्हायची.

"हा तर आपला..." आवडाबाई म्हणाली, आणि तिने तोंडावर हात ठेवला.

दगडूने मोरूच्या मनगटावरचा गुडघा काढला. तो उभा राहिला आणि आपल्याच उजव्या हाताकडे बघत राहिला. कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "मना वाटला खुंट हाय. कोयता अडकला तवा मना वाटला, खुंटात अडकला."

मग त्याने मोरूच्या दोऱ्या कापल्या, त्याच्या हातात कोयता दिला आणि आपला उजवा हात ओंडक्यावर ठेवला. "मार," म्हणाला. मोरू उभा होता, एक डोळा मिटलेला, हनुवटीवरून रक्त गळतंय. त्याने कोयता उजव्या हातात घेतला आणि डाव्या हाताने दगडूच्या थोबाडीत अशी मारली, की दगडू ओंडक्यावरून पलीकडे गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे दोन दात. त्यानंतर मोरू खाली बसून रडायला लागला.

संध्याकाळी होळी पेटायच्या आधी दगडू दवाखान्यात गेला. दामाजी त्याच्याबरोबर गेला, आणि दामाजीला चालताना आधार हवा म्हणून मी. परशुराम खाटेवर टेकून बसला होता, उजवा हात छातीशी बांधलेला. दगडू पायथ्याशी उभा राहिला. दात पडलेल्या तोंडाने तो सांगायला लागला.

"तू सांगू नको," परशुराम म्हणाला. "मना म्हाईत हाय."

"कदीपासून?"

"कोयता लागला तवापासून. मी काय डोले मिटून पडलो होतो?"

"मंग बोलला का नाय?"

"काय बोलू? तुजा नाव घेतला तर आय तुला घरात घील? दुसऱ्याचा घेतला तर तू त्याचा मुडदा पाडशील. म्हनून म्हटला, चिखल होता. झाला. मिटला." मग त्याची नजर दामाजीवर गेली आणि त्याचा चेहरा बदलला. "आनी तू रे? सगल्या गावानं डोले मिटले होते. तुला बगायला कोनी सांगितला होता?"

परशुरामने डाव्या हाताने खाटेजवळचा पितळी पेला उचलला आणि फेकला. डावा हात सवयीचा नव्हता तरी नेम चुकला नाही. दामाजीच्या कपाळावर, जुन्या टाक्यांच्या जरा वर, लागला. नर्सने धावत येऊन आम्हा तिघांना आधी शिव्या दिल्या आणि मग दामाजीला टाके घातले. एवढं होईतो दगडू भावाच्या पायाशी खाली बसला होता. परशुराम त्याला बाहेर जा म्हणाला नाही. तेवढंच.

त्या वर्षभर दामाजीने फळीला हात लावला नाही. होड्यांवर नावं रंगवायचा, लग्नाच्या मांडवांवर गणपती काढायचा, आणि मुख्य म्हणजे मारामारी सुरू झाली की घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. सगुणा मला म्हणाली, "दादा, काय तरी करा. ह्यो शानपनानं वागायला लागलाय. मना भ्या वाटतं." मी शीलाबाईंना घेऊन गेलो. बाई त्याच्यासमोर बसल्या आणि कलावंताचं कर्तव्य वगैरे दहा मिनिटं बोलल्या. दामाजीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्याकडं कोनी पेला फेकलाय का कदी?" बाई म्हणाल्या, नाही. "मंग तुमाला नाय कलायचा."

शिमगा जवळ आला तेव्हा त्याच्या दारात परशुराम उभा राहिला. हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. म्हणाला, "यंदा पट नाय?"

"नाय."

"लोक इचारतात. खालची आली बोलते, वरल्या आलीनं दामाला घाबरवला. आमी काय कोनाला घाबरवतो?" वर म्हणाला, "टांग. पन बरोबर टांग."

होळीच्या दुपारी बांबूंवर ताव चढला. दामाजीने आयुष्यात पहिल्यांदा फळीवर उलटं कोरून छाप सुलटा काढला होता, त्यापायी दोन फळ्या फुकट गेल्या होत्या आणि अंगठा नव्याने फाटून टाके पडले होते. चित्रात दवाखाना होता. खाटेवर एकजण टेकून बसलेला, हवेत पेला, आणि पेल्याच्या वाटेत खुद्द दामाजीचं कपाळ. पायाशी एकजण गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. दोन्ही आळ्या पोट धरून हसल्या. दगडूही होता गर्दीत, मागे. तो हसला नाही, पण गेलाही नाही.

परशुराम पुढे झाला. त्याने चित्रात आधी आपला मेलेला हात शोधला, तो कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याला हात लावून खात्री केली. पायाशी बसलेल्या माणसावर त्याने बोट टेकवलं. मग दामाजीकडे वळून म्हणाला, "हात बरोबर हाय. पन माजा नाक केवडा मोटा केलास रे, भाड्या?"

आणि डाव्या हाताने त्याने दामाजीच्या पाठीत असा रट्टा घातला, की जवळ उभ्या असलेल्या सगुणाने "टाके! टाके!" म्हणून त्याचा हात धरला.